तळ्याची सोमसूत्री

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, गुडघा बदलून घेतल्यापासून परीक्षेला बसली होती आणि परीक्षक होती तिचीच लेक. ती बंगळूरहून आली ती निकाल लावूनच: कुंभकोणमचं वरच्या मजल्यावरचं घर बंद करायचं आणि आईला आपल्याकडे, लिफ्टच्या इमारतीत न्यायचं. अक्कानं सांबारात मीठ कमी घालून निषेध नोंदवला. शेवटी तडजोड झाली. इन्नंबूरच्या पलीकडे एक तळं आहे. त्याच्या काठानं, झाडीतून आणि पाणथळीतून, गोल फिरणारी सपाट वाट आहे. ती फेरी अक्कानं न बसता पुरी केली, तर ती इथेच राहणार. साक्षीला मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असला खेळ मी घरी बसून चुकवते होय?

ऊन तापायच्या आत आम्ही पोचलो. काठावर शिवाचं देऊळ आहे, आमच्या स्वयंपाकघराहूनही लहान. अभिषेकाचं पाणी थेट तळ्यात उतरतं. अक्कानं नंदीच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं, तळं उजव्या हाताला धरलं आणि निघाली.

वाट खरंच सुखाची होती. आधी चिंचा आणि बांबूंची गार सावली, मग केवड्याचं बन, पुढे जमीन मऊ होत गेली आणि दोन्ही बाजूंना लव्हाळे उभे राहिले. कमळाच्या पानांवरून एक कमळपक्षीण लांब बोटं टाकत ऐटीत चालली होती.

“बघ गे अक्का, हिला कुणी लिफ्ट देत नाही,” मी म्हटलं.

“तिला लेक नसेल,” अक्का म्हणाली.

मागून लेकीचा आवाज आला, “मला ऐकू येतं हं.”

निम्म्याहून जास्त वाट सरली होती. अक्काचा श्वासही ठीक होता. तेवढ्यात सांडवा आला, म्हणजे तळ्याचं जास्तीचं पाणी शेतात जातं ती जागा. वर लाकडी फळी, दोन पावलांची. अक्का फळीपुढे थांबली ती थांबलीच.

“दमलीस?” लेकीनं विचारलं. आवाजात माया होती, पण निकालपत्रही होतं.

“दमतेय कशाला! शिवाचं पाणी बाहेर पडतं ते ओलांडत नाहीत.”

आमची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिली, पण ही शिस्त काही सुटली नाही. शेजारीपाजारी देवळात सरळ गोल फिरतात. आम्ही पिंडीच्या पन्हळीपर्यंत जायचं, मागे फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं आणि परत. हीच सोमसूत्री प्रदक्षिणा.

“आई, हे तळं आहे. पिंड नाही!”

“अभिषेकाचं पाणी त्यातच जातं ना? मग तळं त्याचंच.”

“झाकलेली पन्हळ ओलांडली तर चालते. ही बघ, फळी आहे.”

अक्का वाकली, नव्या गुडघ्यासकट, आणि बोट दाखवून म्हणाली, “फटीतून पाणी दिसतंय.”

“मावशी, तूच सांग आता. फेरी पुरी झाली नाही तर...”

लेकीचे डोळे भरून आले होते. तिला जिंकायचं नव्हतंच, तिला भीती वाटत होती. मीही क्षणभर नाटक विसरले. दोन पावलं टाकली असती तर अक्काचं घर वाचत होतं, आणि ती टाकायला तयार नव्हती.

“फेरी पुरी करणारच आहे,” अक्का म्हणाली. “आपल्या रीतीनं.” आणि वळली.

आलो तशी सगळी वाट मागे गेलो. लव्हाळे, केवडा, बांबू, नंदी. नंदीपाशी ती थांबेल असं मला वाटलं. थांबली नाही. दुसऱ्या बाजूच्या उघड्या बांधावर चढली. इथे सावली नव्हती. लेकीच्या शहरी चपला चावायला लागल्या. मी टोमणे मारणं बंद केलं, यावरून माझी दशा ओळखा. अक्का पुढे, हळू पण एका चालीनं, पाणकोंबड्या दिसल्या की आम्हाला दाखवत.

पुन्हा सांडवा आला. मघाची जागा फळीच्या पलीकडे, हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ. अक्कानं हात जोडले. लेक दगडावर बसली आणि चपला काढून पाय पाण्यात सोडले.

“झालं?”

“आता परत देवळापर्यंत.”

“पुन्हा सगळं?”

“तू बैस कन्ना,” अक्का तमिळ लाडात म्हणाली. “तिथून आटो पाठवते. बांधावरून येईल.”

लेक हसत सुटली, डोळे पुसता पुसता. मग तिनं नवऱ्याला फोन लावला. “आईची खोली रंगवायची राहू दे. ती येत नाही... नाही, तिचा गुडघा उत्तम आहे. मलाच चालवत नाही.”

ते ऐकायला अक्का तिथे होती कुठे? ती बांधावरून बरीच पुढे गेली होती. मी धावले तिच्या मागे. दहीभाताचा डबा तिच्या पिशवीत होता.