याडीच्या ओढणीवरचं सिलोन

हरसिंग आज पहाटे गेला, आणि मला रडू यायच्या आधी किळस आली.

कारण सकाळी दहाच्या आत चौकात फ्लेक्स लागला. "आदरणीय हरसिंग गुरुजी." खाली हात जोडलेले माझे दोन चुलत भाऊ, पांढऱ्याशुभ्र शर्टात.

भावांनो, फोटो टाकून मला टॅग केलंत ना? मग आता वाचा.

हरसिंग आणि मी पांढरकवड्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी वकिलांच्या घरातला, तो गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा. साल साठच्या आसपासचं. वय पंधरा-सोळा.

दोघांना एकच वेड. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका!

रेडिओवरची गाणी तिथून येतात, म्हणजे तिथे जाऊन बघायलाच पाहिजे. इतकं सरळ लॉजिक.

प्लॅन पक्का होता. बी.ए. झालं की हायवेवरून हैदराबादचा ट्रक धरायचा. तिथून रेल्वेने रामेश्वर. मग बोट.

सुट्टीत आम्ही मोहफुलं वेचली, चारोळी फोडली, ढाब्यावर ट्रक धुतले. पण पैसे ठेवायचे कुठे? आमच्या घरात माझ्या पेटीला कुलूप चालत नसे. आई रोज उघडून बघायची.

हरसिंग म्हणाला, "याडीजवळ देऊ. याडी अंगावर घालते ना."

याडी म्हणजे त्याची आई. तांड्यावरची बचत पेटीत नसायची, बाईच्या अंगावर असायची. पैसे साठले की आम्ही सोनाराकडून चांदीचा जुना रुपया घ्यायचो आणि याडी तो ओढणीच्या काठाला शिवायची. तिचे स्वतःचे रुपये उजव्या खांद्याकडे, आमचे डाव्या.

डावीकडे कोणी हात लावला की खेकसायची, "ओ! सिलोनले हात नोको लावू!"

ती वाकून चहा द्यायची तेव्हा आमचं सिलोन वाजायचं. आम्ही कॉलेजात गेलो, मिशा फुटल्या, आणि ते खांद्यावरून पाठीपर्यंत पसरलं.

शेवटी बी.ए.ची परीक्षा संपली.

त्याच आठवड्यात काकांच्या, म्हणजे तुमच्याच घरचे सगळे ढाणकीला लग्नाला गेले. परत आले तर कपाटातली चांदीची ताटं-वाट्या गायब.

आणि बाजाराच्या दिवशी याडी मिरच्या घेत उभी होती.

"एवढी चांदी कुठून आली व तुह्याजवळ?" कोणीतरी विचारलं.

मग चार सभ्य माणसांनी भर बाजारात तिची ओढणी ओढली. हरवली होती ताटं, ओरबाडले रुपये! एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. काका शेजारी उभे, इस्त्रीचा कोट घालून, देखरेखीला.

मी धावत गेलो. ओरडलो, "काका, ते आमचे आहेत! माझे न् हरसिंगचे!"

काकांनी सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. "घरी चाल. या लोकायत आपलं नाव कायले गोवतं?"

हे लोक. याच काकांना मूळव्याध उठली की याडीने जंगलातून आणलेली मुळी चालायची.

याडी रडली नाही. फाटकी ओढणी डोक्यावर सावरत तांड्याकडे चालत गेली.

थोड्याच दिवसांत काकूने तुरीची कणगी उपसली. ताटं आत.

घर बंद करून गावाला जाताना चांदी धान्यात पुरायची, ही आमच्या घरांची रीत. लग्नाच्या घाईत काकू पुरून विसरली होती.

माफी? छे! ताटं सापडली हे बाजारात कोणी सांगितलंही नाही. गड्याच्या हाती रुमालात बांधून रुपये तांड्यावर पाठवले. निरोप काय, तर "गैरसमज झाला."

आणि संध्याकाळी त्याच ताटांत श्रीखंड वाढलं. चांदी सापडली म्हणून. मी उठून गेलो. तेव्हापासून मी श्रीखंडाला हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी याडीने तो रुमाल आम्हा दोघांसमोर ठेवला. "घ्या रे तुमचं सिलोन. जा दोघं."

"मी नाही जात," हरसिंग म्हणाला.

"काहून बे?" मी विचारलं.

"आता गेलो त गाव म्हणन, पळाला."

"म्हणू दे!" याडी चिडली.

"तुले म्हणतीन, याडी. तुले इथंच राह्याचं हाय."

तो खरंच नाही गेला.

त्याच गावात मास्तर झाला. भूगोल शिकवला. फ्लेक्सवाल्यांनो, तुम्हाला शिकवला, तुमच्या पोरांना शिकवला. श्रीलंका फळ्यावर न बघता काढायचा आणि बोट लागते तिथे खडूने टिंब द्यायचा. आठवतंय ना?

याडी वारल्यावर मी म्हटलं, "आता तरी चाल."

म्हणाला, "आता त कोणीतरी पाह्यजेच ना इथं, तिचं नाव सांभाळाले."

मी मुलाकडे अमेरिकेला दोनदा जाऊन आलो. सिलोनला पाऊल टाकलं नाही. त्याच्याशिवाय जायचं म्हणजे काय बघायला जायचं?

आणि तुम्ही? आपल्या घरात प्रत्येक लग्नात कणगीची गोष्ट निघते. काकू किती वेंधळी म्हणून सगळे पोट धरून हसता. ओढणीची गोष्ट आजवर एकदाही कोणी सांगितली नाही.

फ्लेक्स उतरवा. तुमचे जोडलेले हात मला बघवत नाहीत.

हरसिंग, माझा नमस्कार घे रे.

जा आता. बिनघोर जा.

आता कोणी म्हणणार नाही, पळाला.