गजाननभाऊंचा फॉर्म

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंगात येणं, नजर लागणं असलं कोणी बोलायला लागलं की मी विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते असं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही खांदेदुखीची एक मराठी प्रश्नावली तपासत होतो. खांदा किती दुखतो, त्या हातानं कोणती कामं जमतात, याची उत्तरं भरवशाची येतात का, एवढंच पाहायचं होतं. माझ्याकडे खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा होतं. माणसं जमवायला वत्सलामावशी – साठीच्या, मेथी-सांभार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, पिकवणाऱ्या. वाचता येत नाही, पण डोकं असं की विचारू नका! 'वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का' हा प्रश्न ऐकून म्हणाल्या, "बाई, त्यापेक्षा डोक्यावरची पाटी एकटीनं उतरवता येते का, हे इचार ना." मी मुकाट्यानं लिहून घेतलं.

त्या सकाळी शाळेच्या वर्गात बावीस जणांनी फॉर्म भरले आणि सगळे घरी गेले. पिशवी उघडेपर्यंत मी गठ्ठा मावशींकडे दिला. त्यांनी मधूनच एक कागद ओढला.

"हा काऊन गरम लागून राह्यला?"

मी हात लावला. गार होता.

"कोणाचा हाय?"

"गजाननभाऊंचा."

"याचा खांदा नाही दुखत, बाई. याले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने."

मी हसले. मग फॉर्म वाचला... आणि हसू गेलं. डावा खांदा भरपूर दुखतो, पण त्या हाताची सगळी कामं विनात्रास! खांदाच बिघडला असता तर असं सहसा होत नाही. हृदयाचं दुखणंही कधी खांद्यात जाणवतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मावशींना तर ते कोणी शिकवलंही नव्हतं.

आम्ही धावत गेलो. भाऊ गोठ्यात होते. "मले काय झालं? दोन दिवसात बरा होतो." मावशींनी त्यांच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. "चाल बे, बाईच्या गाडीत बस. भांडण उद्या करू."

खामगावला ईसीजी बघताच डॉक्टरांनी त्यांना तडक आत घेतलं. "वेळेत आणलंत," एवढंच म्हणाले. भाऊ वाचले.

पुढच्या आठवड्यात मी – तपासून पाहायची सवयच ती – सगळे फॉर्म पालथे करून मावशींच्या हातात दिले. त्यांनी एकेक चाचपला. "काहीच नाही लागत, बाई. कागद हाय नुसता." काहीतरी सांगून मोठं होणं किती सोपं होतं! त्यांनी नाही सांगितलं.

मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही चुकला असतात तर? लोक हसले असते."

"हसले असते तं हसले असते. अन् मी गप बसली असती तं?"

त्यांना तेव्हा काय जाणवलं, मला आजही सांगता येत नाही. त्यांनाही नाही.