पुढे केलेला पाय

पिंजऱ्याच्या दाराला हात लावण्याआधी सहादू आपले तळवे एकमेकांवर चोळायचा. रोज सकाळी, ते चांगले गरम होईपर्यंत. गार हात लागला की कुत्रं आक्रसतं, आणि आक्रसलं की शीर सापडत नाही, असं तो सांगे.

तो मूळचा हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा. अंबडला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं कुत्री सांभाळत होता. बीगल जातीची, लांब कानांची, कानाच्या आत निळ्या शाईने आकडा गोंदलेली. त्यांना नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, म्हणून सहादू सगळ्यांनाच ‘बाळा’ म्हणे. इतरांना रक्त काढताना कुत्र्याला धरायला दोन माणसं लागत. सहादूची कुत्री माणूस समोर बसला की आपणहून पुढचा पाय लांब करत आणि सुई निघेपर्यंत हलत नसत. गुळाचे खडे देऊन त्याने हे शिकवलं होतं. त्याबद्दल कंपनीने त्याला भिंतीवरचं घड्याळही दिलं होतं.

काम संपलेल्या कुत्र्यांना शेवटचं इंजेक्शन देत. २००२ साली ललित नावाचे नवे डॉक्टर आले. वरिष्ठांशी भांडून त्यांनी सहा कुत्र्यांसाठी एक महिना मिळवला. तेवढ्यात घर मिळालं तर द्या, नाहीतर नेहमीप्रमाणे. घरं शोधायचं सहादूने अंगावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी सायकलला टोपली बांधून एकेक कुत्रं तो कॉलन्यांतून फिरवी. भुंकत नाही, राखणीला काय कामाचं, म्हणून लोक दार लावून घेत. पाच कुत्री तशीच परत गेली.

सहावं आमच्याकडे आलं. सहादूची खोली आमच्या कॉलनीच्या मागेच होती. माझे वडील कुत्र्यासमोर उकिडवे बसले, तर त्याने लगेच पाय पुढे केला.

“अरे वा, शेकहँड! फॉरेन रिटर्न दिसतोय, सहादू!”

“हो साहेब,” सहादू खाली बघत म्हणाला. “शिकवलाय.”

मी त्याचं नाव बुंदी ठेवलं. नऊ दिवस बुंदी मोरीच्या फरशीवरून आपणहून हलला नाही. दुसऱ्या मजल्यावरून त्याला जिना उतरता येईना. मातीवर ठेवला की चटका बसल्यासारखा पाय उचलून धरी. कुकरची शिट्टी झाली की जागीच ओला होई. मी पुढ्यात बसले की मात्र पाय देई, आणि मी तो दिवसातून वीस वेळा मागे. दहाव्या दिवशी आईने सहादूला बोलावून घेतलं.

“तुमची चूक नाय, वहिनी,” बुंदीला टोपलीत ठेवत तो म्हणाला. “जिना त्यानं कधी पाहिलाच नाय.”

महिना संपायला तीन दिवस उरले होते. सहादूने त्याला कंपनीत नेलं नाही. बारदानात गुंडाळून हरसूलच्या एसटीत बसला. कंडक्टर म्हणाला, “ह्याचं पूर्ण काढू का अर्धं?” आणि वाकला, तर बारदानातून पाय बाहेर आला.

पाड्यावर त्याची बहीण चांगुणा एकटी राहायची. त्यांच्या घरात नवं जनावर आलं की त्याला उचलून चुलीभोवती तीनदा फिरवत, म्हणजे ते घर सोडत नाही. सहादूने बुंदीला फिरवलं, बहिणीच्या हाती दिलं आणि परत आला. महिनाअखेरीला उरलेल्या पाचांना इंजेक्शनसाठी त्यानेच धरलं. आम्हाला भेटला की एवढंच म्हणे, “एक तरी घरचा झाला.”

आठवड्याने चांगुणा आली. मी पोळ्या द्यायला सहादूच्या दारात उभी होते. ती आत गेली नाही, उंबऱ्यावरच बसली.

“अंगणात गावची कुतरी आली, दादा. मी लय ओरडले, काठी घेऊन धावले, पण पोचेस्तोवर फाडला त्यांनी त्याला. हा भांडला नाय. पळालाही नाय. चुलीभोवती फिरवला होतास ना तू? खाली बसला अन् पाय पुढं केला.”

सहादूने घड्याळाकडे पाहिलं आणि कामावर निघून गेला.

पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, बाबांना तेव्हा त्या शेकहँडचं खरं का नाही सांगितलं?

“सांगितलं असतं तर नेला असता का, ताई?”

प्रयोगशाळा बंद होईपर्यंत तो तिथेच होता. नंतरच्या कुत्र्यांनाही त्याने पाय द्यायला शिकवलं. न शिकवलं तर त्यांना दोन माणसं दाबून धरत, आणि ते त्याला बघवत नसे. ललित डॉक्टर केव्हाच नोकरी सोडून गेले होते. पुन्हा कुणी महिना मागितला नाही.

२००९ मध्ये त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले, ती शेवटची संध्याकाळ. पहाटे तो गेला. त्या संध्याकाळी मी बसले असतानाच नर्स रक्त घ्यायला आली होती. दोनदा टोचूनही तिला शीर सापडली नाही. सहादूने न सांगता पुन्हा हात लांब केला.

“सिस्टर, हात गार हाय तुमचा,” तो म्हणाला. “जरा चोळून घ्या.”