भांडणासाठी वेगळी जागा बांधणारे बोरुडे सर

देवगाव रंगारीच्या शाळेत भाषणाला उभे राहायचे लाकडी स्टँड, वर्गनायकाच्या निवडणुकीसाठी पत्र्याची मतपेटी, सुतारकामाच्या शेडचे दोन्ही दरवाजे आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या घरातला एकूण एक पलंग : एवढ्या वस्तू आदरणीय नामदेव बोरुडे सरांनी स्वतःच्या हातांनी केल्या आहेत. मी प्रत्येकीला हात लावून पाहिले आहे. एकही सांधा ढिला नाही. पण सरांना आणखी एक वस्तू करायची होती आणि तिला ना लाकूड चालत होते, ना पत्रा. म्हणून ते क्रांती चौकाजवळच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. आमची ओळख ती तेव्हाची.

"वेबसाइट करता का?" सरांनी विचारले.

"करतो की. दुकानाची का शाळेची?"

"भांडणाची," सर म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

मी प्रोग्रामिंग कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. बंद पडलेल्या मशीन उघडून, चुका करून करून शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी अशी ऑर्डर मला त्याआधी कोणी दिली नव्हती!

झाले होते असे. सर शाळेत कार्यानुभव शिकवत. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, सुखदुःखाच्या निरोपांसाठी. त्यात कडुबा होता, लासूर स्टेशनला धान्याची आडत चालवणारा, आणि शहरात शिवणकामाचे दुकान असलेले इक्बालभाई. दोघे एका बाकावरचे. निवडणुकीत दोघांचे पक्ष वेगळे निघाले आणि ग्रुपवर अशी जुंपली की एका वर्गमित्राच्या वडिलांच्या निधनाचा निरोप त्या गदारोळात कोणाला दिसलाच नाही. अंत्यविधीला मोजकी माणसे पोहोचली. कडुबा आणि इक्बालभाईंचे बोलणे त्या दिवसापासून बंद.

मी म्हणालो, "सर, सोपंय. ग्रुपवर राजकारण बंद करून टाका."

सर हसले. "पोरं वर्गात रंधा मारायची, सगळा भुसा व्हायचा. म्हणून काय सुतारकाम बंद केलं का आम्ही? शेड बांधली. राजकारण बंद नाय करायचं. त्याला शेड बांधायची."

काय सांगू, मला त्या क्षणी दुकानाचे शटर ओढून कामाला बसावेसे वाटले!

त्या शेडचे नाव 'समोरासमोर'. तिथे फक्त राजकारण बोलायचे. वाढदिवस नाहीत, सुविचार नाहीत. प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि गाव लावायचे. आणि सरांची मुख्य अट : समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहून दाखवायचे. त्याने बटण दाबून होकार दिला तरच आपल्या उत्तराची चौकट उघडणार. त्या बटणावर मी 'मान्य' असे लिहिले होते. सरांनी ते काढायला लावले. "पटायची सक्ती नाय आपल्याकडं. कळलंय एवढंच कळू द्या." मग बटणावर आले : 'व्हय, हेच म्हणलो मी'.

पहिल्याच आठवड्यात विषय निघाला, धरणाचे पाणी आधी शेताला की शहराला. इक्बालभाईंनी शहराच्या नळाची कैफियत लिहिली. कडुबाने काय करावे? त्यांचीच वाक्ये उचलून जशीच्या तशी डकवली. माझ्या प्रोग्रामला ती चोरी कळली नाही, इक्बालभाईंना कळली.

"कडू, माझंच कापड मलाच विकतो का? तू शिव आणि आण," असे लिहून त्यांनी होकार नाकारला.

कडुबाने पुन्हा लिहिले. पुन्हा नकार. पुन्हा लिहिले, पुन्हा नकार. मला वाटले, आता हा शिव्या घालून निघून जाणार आणि माझी सगळी मेहनत पाण्यात. शेवटी वैतागून त्याने थेट फोन लावला. हे मला नंतर त्यानेच सांगितले.

"आरं इकबाल, तुला नेमकं म्हणायचं काय हाय, ते तरी सांग एकदा!"

"एवढ्या दिवसांनी फोन केला, तो ह्याच्यासाठी?"

"मग काय तुझी खुशाली विचारू? बरं, कसा हायेस?"

लई वेळ बोलले म्हणे. मग कडुबाने लिहिलेल्या चार ओळींवर इक्बालभाईंनी बटण दाबले, उत्तराची चौकट उघडली आणि कडुबाने शेताच्या बाजूने त्यांना असे झोडपले की वाचत राहावे! पाण्यावर दोघांचे आजही जमत नाही. पण ईदचा डबा लासूरला जातो आणि हुरड्याला इक्बालभाई तिकडे जातात.

सरांचा मोठेपणा मी स्वतः अनुभवला आहे. शहरातल्या एका सभेत मला कोणी विचारले, "आपलं शिक्षण?" मी उत्तर देण्याआधीच सर म्हणाले, "हे आमचे मिस्त्री. ह्यांचं काम बघा." करणाऱ्याचे नाव वस्तूवर असलेच पाहिजे म्हणून 'समोरासमोर'च्या प्रत्येक पानाखाली त्यांनी माझे नाव घालायला लावले. त्यांचे स्वतःचे नाव कुठेही नाही.

आता जे लिहितो ते लिहिणे मला भाग आहे. यंदाच्या निवडणुकीआधी एका उमेदवाराचा माणूस सरांच्या घरी आला. मी तिथेच होतो. त्याने सांगितले, जागा अशीच चालू द्या, फक्त चावी, म्हणजे सगळे आतून बघायचा पासवर्ड, आम्हाला द्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो, बघा बरोबर हाय का. कोणत्या गावचा कोण कुठं झुकतो, हे तुम्हाला आतून बघायचंय. म्हणजे कुणाला गोंजारायचं आणि कुणाला दाबायचं ते ठरवता येतं. व्हय?"

तो माणूस कसनुसा हसला. "तसंच समजा, सर."

"मग आता माझं उत्तर. नाय."

पुढे गावोगाव आवई उठली की बोरुडे सरांनी जागा विकली. काही जण बोलायचे थांबले, काहींनी आपले लिहिलेले पुसून टाकले. ज्या जागेत नाव लावून खरे बोलायचे, तिथे ही शंका म्हणजे वाळवीच. सर खुलासा करत नाहीत. म्हणतात, आपण कशाला सांगत फिरायचं. पण मी मिस्त्री आहे आणि सांधा ढिला ठेवणे मला जमत नाही.

पंचाहत्तरीच्या या मंगल प्रसंगी आदरणीय सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि हात असेच स्थिर राहोत आणि आम्हाला भांडायला शिकवण्याचे त्यांचे काम अजून पुष्कळ वर्षे चालो, ही मनापासून प्रार्थना. आणि ज्यांनी आपले लिहिलेले पुसले, त्यांच्यासाठी नेमके सांगतो : त्या दिवशी माझ्यासमोर सरांना चावीचे अकरा लाख रुपये, रोख, देऊ केले होते. सरांनी ते घेतले नाहीत.