मेव्हण्याचा पसारा आवरताना

माझा मेव्हणा प्रमोद जिप्सी विकून चंद्रपूरला राहायला गेला, तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही.

व्याघ्रप्रकल्पाच्या दारातल्या मोहर्लीत आमचा दोन खोल्यांचा होमस्टे. त्याचं बुकिंग आणि प्रमोदच्या सफारी-जिप्सीचं बुकिंग एकाच जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. प्रमोद त्याला सर्व्हर म्हणायचा. (फ्रिजशेजारी ठेवलेला, वर लोणच्याची बरणी!) जाताना त्याने जिप्सीची वेबसाइट बंद केली, पण कॉम्प्युटरवरचा बाकीचा पसारा तसाच! पाहुण्याने उष्टं ताट सोडून उठावं तसा. आता तो आवरायचा कोणी? मी!

बायको, कांचन, म्हणाली, "अवो, पहिले प्रमोदले फोन करा ना."

"काऊन? मले अक्कल नाई का?"

आणि मी पुसत सुटलो. जिप्सीचे फोटो गेले, ड्रायव्हरांच्या पाळ्या गेल्या. शेवटी 'सामाईक' नावाचा फोल्डर दिसला आणि माझं डोकंच तापलं. आमच्या घरात सामाईक म्हणजे काय? माझी मोटारसायकल सामाईक, फिरवायचा प्रमोद. माझा चार्जर सामाईक, असायचा प्रमोदच्या खिशात! म्हणजे हाही त्याचाच. दाबलं बटण!

शनिवारी नागपूरचं कुटुंब बॅगा घेऊन दारात. त्यांच्यामागे वर्ध्याचं. दोघांच्याही मोबाइलवर त्याच खोल्यांचं बुकिंग! आमची सगळी बुकिंगं त्या 'सामाईक'मध्येच होती. ती पुसल्यावर भरलेल्या खोल्या होमस्टेच्या वेबसाइटने रिकाम्या समजून पुन्हा देऊन टाकल्या होत्या. ऐन सीझन, गावात एक खाट शिल्लक नाही, आणि कांचनने कष्टाने कमावलेलं नाव अंगणातल्या भांडणात धुळीला मिळत होतं.

मी प्रमोदला फोनवर झापलं.

"भाऊजी, सामाईक म्हणजे दोघायचं असते ना!"

"आपल्या घरात कधी होतं?"

त्याने फोन ठेवला. (एवढा एक विजय माझा!)

कांचनने नागपूरकरांना खोल्या दिल्या आणि वर्धेकरांना आमचं बेडरूम.

"मंग आपण कुठी झोपाचं?" मी विचारलं.

तिने माझ्या हातात झाडू दिला. "तुम्ही अंगणात राहा. कोणाशी बोलू नोका."

मी रागारागाने झाडू लागलो. वर्ध्याच्या काकांनी पिण्याचं पाणी मागितलं, तर म्हणालो, "माझा पलंग घेतला, आता माठही घ्या!"

सोमवारी वेबसाइटवर त्यांचा अभिप्राय आला. पाचपैकी पाच तारे! "ताई फार प्रेमळ, जेवण झकास. फक्त अंगण झाडणारा माणूस तुसडा आहे. त्याला काढून टाका."

खाली कांचनचं नम्र उत्तर होतं: "लग्नापासून तोच विचार चालू आहे."