पुढे मडकं, मागे खाट

कंपाउंडर म्हणून माझी पहिली नोकरी शहादा तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात. तो मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. लढाई सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, पेट्रोलच्या नावाने बोंब होती. आजूबाजूला कुठे मोटार असलीच तर ती छपराखाली कोंबड्या अंगावर घेऊन उभी असायची. गावोगावचे रोगी यायचे ते बैलगाडीतून. पण ज्याचं रक्त वाहतंय किंवा हाड मोडलंय त्याला गाडीत घालायचं नाही, असा आमच्या डॉक्टरसाहेबांचा नियम होता. काळ्या मातीतल्या चाकोऱ्यांतून गाडी दोन कोस आली की बांधलेलं सगळं सुटून जायचं. अशा रोग्याला आणायला दवाखान्याची माणसं खाट घेऊन जायची. खाटेला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले, आणि चार खांदे.

चारांतले दोघे मेहुणे होते. थोरल्याने धाकट्याची बहीण केलेली. थोरल्याला सगळे दाजी म्हणायचे आणि धाकट्याला शालक, मग मीही तेच म्हणू लागलो. दाजी नेहमी डोक्याकडे, शालक नेहमी पायांकडे. जास्त वजन कोण उचलतो, हा त्यांचा वाद मी येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता, आणि त्याचा निवाडा ते दर खेपेला खाटेवरच्या रोग्याकडे मागायचे.

"ओ भाऊ, तूच सांग. डोकाकडे वजन जास्ती ऱ्हास ना?"

"डोकामा काय वजन शे? मानूसनं वजन पायमा ऱ्हास!"

रोगी कण्हत असायचा, पण पंच म्हणून विचारल्यावर कोण गप्प बसतो? एक म्हातारी मांडीचं हाड मोडून अर्धमेली झाली होती. तिने डोळे न उघडताच सांगितलं, की दोघेही कामचोर आहेत आणि सगळं वजन मागचा म्हातारा उचलतोय.

तो मागचा म्हातारा म्हणजे आमचा ड्रेसर. पन्नाशी ओलांडलेला, गावातल्या जुन्या पिंजाऱ्यांच्या घरातला. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याने बांधलेली पट्टी म्हणजे पट्टी. डॉक्टरसाहेब स्वतः टाके घालत, पण वर पट्टी बांधायला चाचालाच हाक मारत. चौथा खांदा देणारा शिपाई त्या हिवाळ्यात हिवतापाने पडला होता, म्हणून रोग्याच्या घरचं कोणीतरी चौथा खांदा द्यायचं.

मला हा सगळा पोरकटपणा वाटायचा. मी बाविसाव्या वर्षी जेवढा शहाणा होतो तेवढा पुढे कधीच झालो नाही. नाशकाला शिकलो होतो, कपडे परीटघडीचे असायचे, आणि माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्याशी दाजी-शालकाच्या गप्पा माराव्यात हे मला सहन होत नव्हतं. मी दोनदा डॉक्टरसाहेबांकडे तक्रार केली. ते "हूं" म्हणाले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. तेव्हा मी ठरवलं की ज्या खेपेला मी बरोबर असेन, त्या खेपेला शिस्त माझी.

ती खेप लवकरच आली. म्हसावदच्या पलीकडच्या एका शेतात बाभूळ तोडताना एका शेतकऱ्याच्या पोटरीवर कुऱ्हाड बसली होती. वय तिशीच्या आत. डॉक्टरसाहेबांकडे तेव्हाच एक अडलेली बाई होती. ते म्हणाले, "तुम्ही जा. चाचाचं ऐका. रक्त थांबवा, झोपवून आणा, पाय हलता कामा नये. आणखी रक्त गेलं तर इथे आणून उपयोग नाही."

आम्ही पोचलो तेव्हा घरच्यांनी जखमेत हळद आणि राख भरली होती. बाज रक्ताने माखली होती. त्याची बायको कुडाला टेकून बसली होती, पोटुशी, आणि रडणंसुद्धा विसरली होती. चाचाने जखम धुतली, कापसाची घडी दाबली आणि पट्टी अशी बांधली, की मी घड्याळ काढून पाच मिनिटं पाहत होतो, लाल ठिपकादेखील वर आला नाही. मी कळ थांबावी म्हणून अफूच्या अर्काचा डोस दिला. तो माणूस झोपेत गेला. सगळं मनासारखं झालं होतं.

निघताना मी चौघांना समोर उभं केलं. चौथा म्हणजे रोग्याचा धाकटा भाऊ. म्हणालो, "दवाखाना येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. रोग्याला झोपू द्या. थट्टामस्करी केली तर साहेबांकडे नाव जाईल."

दाजीने शालकाकडे पाहिलं. शालकाने चाचाकडे. कोणी काही बोललं नाही, कारण हुकूम तोच होता.

गावच्या पाण्यावर माझा विश्वास नव्हता. मी त्या घरी पाणी उकळून घेतलं होतं आणि नव्या मडक्यात भरलं होतं. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या गळ्याला दोरी बांधली आणि ते हातात लोंबतं धरून मी सगळ्यांच्या पुढे चालू लागलो. चाचा मागून म्हणाला, "साहेब, ते मडकं..." मी मागे न बघता हात वर केला आणि त्याला गप्प केलं.

आता हे लिहिताना माझंच मला चित्र दिसतं. पुढे मान खाली घालून चालणारा एक उंच माणूस, त्याच्या हातात दोरीला लोंबणारं मडकं. मागे चार खांद्यांवर खाट, आणि खाट धरणारे चौघेही मुके. कापूस वेचणाऱ्या बायका बांधावर उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. मला वाटलं, सरकारी दवाखान्याचा केवढा मान! खरं सांगतो, मी त्याला मान हलवून नमस्काराची पोचही दिली.

कोसभर गेल्यावर उताराची वाट लागली. खाटेचा पायांकडचा भाग खाली झाला, आणि त्याच वेळी रोग्याची गुंगी उतरली. डोळे उघडले तर समोर मडकं. दोन्हीकडे खांदे, त्यातला एक सख्ख्या भावाचा. भाऊ रडतोय. कोणी बोलत नाही. बांधावर हात जोडलेले.

"माले कथा लई जाई ऱ्हायनात?" तो ओरडला. "मी जित्ता शे! आरे, मी जित्ता शे रे!"

आणि उठून बसला. नुसता बसला नाही, दोन्ही हातांनी बांबू धरून खाली उडी मारायला गेला. दुखरा पाय त्याने गुडघ्यात ओढून घेतला आणि पट्टी घसरली. माझ्या हातातलं मडकं पडलं. मी धावलो तेव्हा रक्त खाटेच्या सुतळीतून खाली गळत होतं.

चाचाने एका शब्दाने दोष दिला नाही. त्याने बाभळीची काटकी तोडली, गुडघ्याच्या वर पट्टी गुंडाळली, तीत काटकी घालून पीळ दिला. रक्त कमी झालं, मग थांबलं. पण पीळ सुटू नये म्हणून ती काटकी हाताने धरून ठेवावी लागणार होती. चाचा आता खांदा देऊ शकत नव्हता. दोन कोस वाट अजून शिल्लक होती. त्या माणसाचे ओठ पांढरे पडले होते आणि पापण्या पुन्हा मिटत होत्या. आता त्याला झोपू देणं हेच सगळ्यात वाईट होतं, एवढं मलाही कळत होतं.

"बोला," मी म्हणालो. "काहीतरी बोला त्याच्याशी."

कोणाच्या तोंडातून शब्द फुटेना. थट्टा काय हुकुमावर येते? मी चाचाची जागा घेतली आणि जन्मात पहिल्यांदा खाटेला खांदा दिला.

मी ताडमाड, बाकीचे तिघे बेताचे. खाट माझ्या बाजूने वर गेली आणि तो माणूस उताराला लागल्यासारखा पलीकडे घसरू लागला. मी गुडघे वाकवून चालायला लागलो. दहा पावलांत मांड्या भरून आल्या. बांबू मानेत रुतला. मी एकदा ठेचाळलो, दुसऱ्यांदा ठेचाळलो, आणि तेव्हा खाटेवरून बारीक आवाज आला.

"यास्ले काढा कोनी. मी पडसू."

मग दाजी म्हणाला, "पडशी तं दवाखानानी वाटवरच पडशी. मसनवाटा मांगे ऱ्हायना."

शालक फिसकन हसला. त्याचं हसू ऐकून भाऊ रडता रडता हसला. मग जे सुरू झालं ते दवाखान्याच्या पायरीपर्यंत थांबलं नाही. डोकं जड की पाय जड हा वाद त्या दिवशी कोणी काढलाच नाही. सगळे माझ्यावर तुटून पडले. माझी उंची, माझी चाल, माझे परीटघडीचे कपडे, आता रक्ताने भिजलेले. मी चिडलो, आणि मी चिडलो की खाटेवरचा हसायचा, म्हणून मी आणखी चिडलो. दोनदा त्याचे डोळे मिटू लागले. दोन्ही वेळा चाचाने त्याला विचारलं, "सांग भाऊ, हाऊ साहेब जड का तू जड?" आणि दोन्ही वेळा तो जागा झाला.

तो वाचला. पायही राहिला. डॉक्टरसाहेबांनी संध्याकाळपर्यंत टाके घातले. हात धुताना त्यांनी विचारलं, "पट्टी चाचाची. मग एवढं रक्त गेलं कसं?"

मी दाराशी उभा होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा म्हणाला, "गाठ मन्ही ढिल्ली पडनी, साहेब."

साहेब त्याला सगळ्यांसमोर बोलले. फार बोलले. तीस वर्षं पट्ट्या बांधणाऱ्या माणसाने मान खाली घातली, आणि मी गप्प राहिलो. मला नोकरीची भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

आठ दिवसांनी टाके काढायच्या वेळी तो रोगी आपणहून म्हणाला, "गाठ नही सुटनी साहेब. चाचाले उगाच बोलनात तुम्ही. मीच उठी बठनू. घाबरी गऊ." का घाबरलो ते त्याने सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ज्याचा जीव माझ्यामुळे जात होता, तो माझ्यावर पांघरूण घालत होता. मग मात्र मला गप्प राहवेना. "साहेब," मी म्हणालो, "बोलायचं नाही असा हुकूम माझा होता. मडकं घेऊन पुढेही मीच चालत होतो."

साहेबांनी चिमट्यातला दोरा ओढून काढला. "माहीत आहे. याच्या भावाने त्याच रात्री सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाची माफी मागितली." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची राहिली आहे."

चाचा मागच्या अंगणात पट्ट्या उकळत होता. म्हणजे साहेबांना सगळं कळलंय हे त्यालाही ठाऊक होतं, आणि तो आठ दिवस रोज मला "साहेब, चहा" म्हणून कप आणून देत होता. त्या आठ दिवसांत त्याने माझी एकदाही चेष्टा केली नव्हती. मला वाटलं होतं, म्हातारा अखेर अदबीने वागायला शिकला.

मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ केलेली वाक्यं एकही आठवेना. "चाचा, माझं चुकलं," एवढंच म्हणालो.

त्याने काठीने पातेल्यातल्या पट्ट्या हलवल्या. "आठ दिन व्हई ग्यात साहेब. माले वाटे, आज येतीन, सकाय येतीन." मग सरकून त्याने बाकावर जागा केली. मी बसलो. बसताना खांदा दुखला आणि माझा हात तिकडे गेला. त्याने ते पाहिलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "उंचा शेत, पन चाल खराब. सारंगखेडाना घोडाबजारमा तुम्हले कोनी फुकट बी लेवाव नही."

मला रडू आलं. तो पातेल्यातल्या पट्ट्या काढून एकेक माझ्या हातात देऊ लागला आणि मी त्या पिळू लागलो.