पुठ्ठ्याचा गेटवे

काशीबाईचं अर्धं आयुष्य वडखळपलीकडच्या आपल्या खाडीकाठच्या गावात, मिठागरात गेलं. मिठागर बंद पडल्यावर ती पेणला प्रविणच्या कारखान्यात लागली. तिथे गणपतीसाठी पुठ्ठ्याचे देखावे बनतात, चारमिनार, हवामहल, असे. खळ शिजवण्यात आणि पुठ्ठा कापण्यात तिचा हात लवकर बसला. पण देखावा तयार झाला की तिचा प्रश्न ठरलेला असे, "ह्याच्या मागल्या अंगाला काय हाय?" हवामहलाला पुढून दरवाजाच नाही, लोक मागून आत शिरतात, हे कळलं त्या दिवशी तिने चहावाल्यालासुद्धा थांबवून सांगितलं होतं.

तिची भाची मनाली रोह्याला कंपनीत आहे. शिफ्ट नव्हती म्हणून ती एकदा मावशीला भेटायला कारखान्यात आली. काशीबाई तेव्हा गेटवे ऑफ इंडियाची कमान चिकटवत होती.

"मावशी, हा पयला पुठ्ठ्याचाच होता म्हणतात," मोबाइलवर वाचत मनाली म्हणाली.

"चेष्टा नको करू गो."

"खरंच. १९११ला इंग्लंडचा राजा बोटीनं मुंबईत उतरला, तवा दगडी काम सुरूपण झालं नव्हतं. त्यानं बघितला तो पुठ्ठ्याचा. दगडाचा पुरा झाला १९२४ला."

काशीबाईने कमान खाली ठेवली. "मंग दर्याच्या वाऱ्यात पुठ्ठा ऱ्हायला कसा? वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं असंल का? आणि केला कोणी?"

"ते नाय दिलेलं."

ते 'नाय दिलेलं' तिच्या डोक्यातून जाईना. मुंबईला ती आजवर दोनदा गेली होती, दोन्ही वेळा इस्पितळात. पुढच्या रविवारी मनालीला घेऊन ती वडखळहून मांडव्याला गेली आणि लाँचमध्ये बसली. धुक्यातून कमान दिसायला लागली तशी ती उठून कठड्याशी उभी राहिली.

"राजा असाच आला असंल ना गो, दर्यातून?"

"व्हय, पण त्याला काय दिसलं कोण जाणे."

धक्क्यावर उतरल्यावर काशीबाईने आधी दगडाला हात लावला. दगड पिवळसर आणि खरखरीत होता. मग शहराच्या बाजूला जाऊन तिने मागचं अंग नीट बघून घेतलं. एक गाइड पाहुण्यांना माहिती सांगत होता, त्याला तिने गाठलं.

"दादा, पुठ्ठ्याचा कोणी केला होता?"

तो हसला. "मावशी, पुठ्ठ्याचा होता हे आम्ही सांगतो. कोणी केला, हे आजवर कोणी विचारलं नाय." मग त्याने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १९४८ साली गोऱ्या शिपायांची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली.

"म्हंजे येताना पुठ्ठ्याचा नि जाताना दगडाचा!" काशीबाई मोठ्याने म्हणाली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

परत आल्यावर तिने तो जुना प्रसंग बनवायला घेतला. समोर राजाची बोट. कमान मुद्दाम न रंगवलेली, पुठ्ठा पुठ्ठाच दिसणारी. मागे बांबूचे टेकू आणि खळीची बादली घेतलेली चार माणसं.

प्रविण म्हणाला, "मावशी, हा अर्धवट दिसतोय. गिऱ्हाईक नाय घेणार."

"मी कुठं इकतेय? माझ्या घरच्या गणपतीला मांडते."

गणपतीत आरतीला आलेले लोक दर्शन घेऊन देखाव्याच्या मागे वाकून बघायला लागले. "काशीबाय, ही माणसं कोण?"

"ज्यांनी केला ती. नावं नाय मिळाली."

मिठागरात तिच्याबरोबर राबलेला काळुराम तिथेच मांडी घालून बसला. नुसता पुठ्ठा दर्याकाठी टिकणार नाही, वरून कापड लावलंच असणार, असं त्याचं म्हणणं. राजा डिसेंबरात आला, तेव्हा पाऊस कुठला, असं काशीबाई म्हणाली. प्रसाद वाटून झाला तरी दोघांचं चालूच होतं.

आता प्रविणने पुढच्या वर्षासाठी पिसाचा मनोरा सांगितलाय. तो मऊ जमिनीमुळे कलला, हे तिने आधीच विचारून घेतलंय. कलायला लागल्यावरही लोक वर मजले का चढवत राहिले, हे मनालीने शोधून सांगायचं आहे.